निवटी : ओहोटीच्या चिखलातलं पीक

(रेडिओवरील शेतकरी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



खाडीकाठच्या माणसाला निवटी दाखवावी लागत नाही. ओहोटी लागली, पाणी ओसरलं, की कांदळवनापुढचा चिखल उघडा पडतो. मग त्या चिखलावर काळपट, बुळबुळीत, वीतभर लांबीचे मासे सरपटताना आणि टुणटुण उड्या मारताना दिसू लागतात. बेडकासारखे दोन डोळे अगदी डोक्यावर. माणसाची चाहूल लागली की सुर्रकन बिळात. हीच आपली निवटी. कुठे निवटा म्हणतात, कुठे निवट्या. गुजरातच्या किनाऱ्यावर तिला लेवटा म्हणतात. ठाणे, वसई, पनवेल, उरण, पेण, अलिबाग या बाजूला तर निवटीचं कालवण आणि तांदळाची भाकरी म्हणजे घरचा बेत.

आता तुम्ही म्हणाल, शेतीच्या कार्यक्रमात हा मासा कशाला? कारण असं, की खारजमिनीत भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा आणि निवटीचा शेजार आहे. बांधाच्या आत आपलं भात आणि बांधाच्या बाहेर तिचा चिखल. बाहेरचा चिखल आणि त्यातलं कांदळवन बिघडलं, तर आतलं भातही फार दिवस सुखरूप राहत नाही. म्हणून या शेजारणीची नीट ओळख करून घेऊ, आणि आपण काय करावं, काय टाळावं तेही पाहू.

मासा, पण पाण्याबाहेर वावरणारा

मासा पाण्याबाहेर काढला की तडफडतो, हे आपण नेहमी पाहतो. निवटी मात्र स्वतःच्या पायांनी बाहेर येते, असं म्हटलं तरी चालेल. तिला पाय नाहीत. पण छातीजवळचे दोन पर मजबूत असतात आणि त्यांच्यावर भार देऊन ती अंग पुढे ढकलते. एखादा माणूस दोन्ही कुबड्या टेकत चालावा तशी ही चाल. पोटाखालचे पर जुळून त्यांची वाटी झालेली असते, त्यामुळे निसरड्या जागी तिला पकड मिळते. उडी मारायची तर शेपटीचा झटका देते.

श्वासाचं कसं? निवटीला कल्ले आहेतच. बाहेर येताना ती तोंडात आणि कल्ल्यांच्या पोकळीत पाणी आणि हवा धरून ठेवते, म्हणून तिचे गाल फुगलेले दिसतात. शिवाय तोंडाच्या आणि घशाच्या आतल्या नाजूक कातडीतून आणि अंगाच्या ओल्या कातडीतूनही हवेतला प्राणवायू तिच्या रक्तात जातो. पण एक अट आहे. अंग ओलं राहिलं पाहिजे. म्हणून ती मधूनमधून कुशीवर लोळून अंगाला ओला चिखल लावून घेते. चिखल वाळला, तर तिचा श्वासच अडचणीत येतो.

डोळ्यांचीही तीच गोष्ट. इतर माशांचे डोळे पाण्यातच असतात, ते मिटायचा प्रश्न येत नाही. निवटी मात्र डोळा खाली खोबणीत ओढून घेते आणि ओला करून पुन्हा वर काढते. म्हणजे पापणी लवते तसंच काहीसं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी दाखवलं, की या माशांचं हे डोळे मिटणं आपल्या पापणी लवण्याप्रमाणेच काम करतं. डोळा ओला राहतो, त्यावरची घाण निघते आणि इजेपासून बचाव होतो.

या माशांचे प्रकार अनेक आहेत. त्यातले दोन आपल्याला सहज ओळखता येतील. एक लहान, चार बोटं लांबीचा, तिवराच्या मुळांवर आणि दगडांवर चढून बसणारा. तो किडे आणि बारीक खेकडे खातो. दुसरा मोठा, मऊ आणि उघड्या चिखलात राहणारा. आपण खातो ती निवटी ही दुसरी. व्हॅलेन्सिएन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३७ साली तिला शास्त्रीय नाव दिलं. त्या नावात डुसुमिए या फ्रेंच व्यापारी प्रवाशाची आठवण आहे. पण आपल्या आगरी, कोळी, कातकरी आयाबायांना ती त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

चिखल हेच तिचं शेत

मोठी निवटी चिखलावर डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत पुढे सरकते, हे तुम्ही पाहिलं असेल. ती काय करते? ती चरते. उघड्या चिखलावर ऊन पडलं की त्यावर तपकिरी-हिरवट साय येते. ही साय म्हणजे डोळ्यांना सुटी न दिसणारी बारीक शेवाळं. निवटी दातांनी ही साय खरवडून खाते. गाय जशी माळावर चरते, तशी निवटी चिखलावर चरते.

या शेवाळाला लागतं काय? ऊन लागतं, ओल लागते आणि खत लागतं. ऊन ओहोटीला मिळतं, ओल भरतीला मिळते, आणि खताचा मोठा वाटा कांदळवनातून येतो. तिवर, चिपी, कांदळ यांची पानं गळतात, चिखलात कुजतात आणि त्यांचा कस पाण्याबरोबर पसरतो. म्हणजे कुणी पेरलं नाही, कुणी खत टाकलं नाही, तरी दर ओहोटीला हे पीक उभं राहतं, आणि त्यावर निवटी, कोळंबी, खेकडे वाढतात.

एक गंमत ऐका. कुवेतच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकात अभ्यासकांनी आपल्या निवटीच्याच कुळातल्या माशांची पाहणी केली. तिथे जागा थोडी आणि मासे पुष्कळ. तेव्हा प्रत्येक मासा तोंडाने चिखल उचलून आपल्या तुकड्याभोवती बांध घालतो. शेजाऱ्याच्या बांधाला बांध लागतो आणि वरून पाहिलं तर पाच-सहा बाजूंची खाचरं दिसतात. त्या बांधामुळे ओहोटीलाही आत थोडं पाणी टिकतं, शेवाळ चांगलं येतं आणि शेजारी घुसला की भांडण होतं. आता सांगा, याला खाचराची शेती नाही तर काय म्हणायचं?

तेव्हा मंडळी, खाडीचा चिखल ही पडीक जमीन आहे, तिथे भराव टाकला तर बिघडलं काय, असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा ते एक पिकती जमीन बुजवायची भाषा करत असतं.

बिळातला पाळणा

निवटी चिखलात खोल बीळ करते. भरतीला ती त्यात राहते, शत्रू आला की त्यात पळते, आणि पिल्लंही तिथेच वाढवते. पण बिळातल्या पाण्यात प्राणवायू फारच थोडा असतो. मग अंडी जगतात कशी? जपानमध्ये अशाच एका चिखलातल्या माशावर झालेलं संशोधन २००७ साली प्रसिद्ध झालं. त्यात असं दिसलं, की बिळाच्या आत एक खोली असते आणि अंडी तिच्या छताला चिकटवलेली असतात. नर वर येतो, तोंडात हवा भरून घेतो आणि आत नेऊन सोडतो. अशा खेपा करून तो खोली हवेने भरलेली ठेवतो. अंडी पक्व झाली की रात्रीच्या भरतीला तोच नर ती हवा तोंडाने बाहेर काढतो. पाणी आत येतं, अंडी भिजतात आणि पिल्लं बाहेर पडतात. भरतीची वेळही त्याला चुकत नाही.

यातून आपण घ्यायचं ते एवढंच, की निवटीचं बीळ म्हणजे नुसतं भोक नव्हे. तो तिचा पाळणा आहे. विणीच्या दिवसांत फावड्याने बिळं उकरली, चिखल तुडवून खोल्या ढासळवल्या, तर आज टोपलीभर मासे मिळतील, पण पुढच्या हंगामाची पेरणीच आपण उपटून टाकू.

निवटी बांध पोखरते का?

ही शंका पुष्कळांना असते. बांधाला भोकं दिसली की ज्याला त्याला निवटीच आठवते. पण निवटीला मऊ आणि दर भरतीला भिजणारा चिखल लागतो. घट्ट बसलेल्या, कोरड्या बांधात ती घर करत नाही. बांधाला भोकं पाडतात ते खेकडे आणि उंदीर. तेव्हा बांधावर पाणी झिरपताना दिसलं तर ती भोकं शोधून, खणून, चांगली चिकण माती ठोकून भरा. निवटीला दोष देऊन चिखलात औषध ओतू नका. बांध तर सुधारणार नाहीच, वर शेजारचा मासा मरेल.

उलट बांधाची खरी राखण बाहेरचं कांदळवन करतं. उधाणाच्या भरतीची लाट तिवराच्या खोडांत आणि मुळांत शिरली की तिचा जोर मोडतो. मुळांमध्ये गाळ अडकतो आणि बांधाच्या पायथ्याशी साठतो. ते झाड तोडलं, तिथली माती खणून नेली, की लाट थेट बांधावर आपटते. पुढे काय होतं ते खारबांधाच्या शेतकऱ्याला सांगायला नको. एकदा खाडीचं पाणी आत शिरलं की उभं भात जातं, आणि मुरलेला खारेपणा धुऊन निघायला पुढचे पावसाळे जावे लागतात. राता भातासारख्या जुन्या जाती किंवा पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने दिलेल्या पनवेल-१, पनवेल-३ यांसारख्या जाती खारेपणा सोसतात खऱ्या, पण फुटलेल्या बांधापुढे कोणतीच जात टिकत नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण यात अनेक शेतकरी अडचणीत आले आहेत. बांध फुटला आणि वर्षानुवर्षं दुरुस्त झाला नाही, तर भरतीबरोबर तिवराचं बी शेतात येतं आणि रुजतं. बघता बघता शेताचं कांदळवन होतं. मग सातबारा आपल्या नावावर असला तरी ती झाडं आपल्याला परस्पर तोडता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने राज्यातल्या कांदळवनांच्या तोडीला मनाई केली, आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती मनाई कायम केली. जमीन खाजगी असली तरी ही मनाई लागू आहे. कांदळवनाभोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम आणि भराव यांनाही बंदी आहे. म्हणून शहाणपण यात आहे, की बांधाची पाहणी दर वर्षी पावसाळ्याआधी करावी. खांड पडली तर गावाने एकत्र येऊन खारभूमी खात्याकडे लगेच लेखी अर्ज द्यावा आणि अर्जाची पोच जपून ठेवावी. बांध वेळेवर राखला, तर आत भात राहील आणि बाहेर कांदळवन. दोघांचं भांडणच लागणार नाही.

आतला आणि बाहेरचा हा तोल बिघडला म्हणजे काय होतं, याचं उदाहरण जपानमध्ये आहे. तिथे आरिआके समुद्रकाठी आपल्या निवटीचा भाऊबंद राहतो. त्याला ‘मुत्सुगोरो’ म्हणतात आणि तिथले लोक तो आवडीने खातात. याच समुद्राच्या इसाहाया आखातात शेतजमीन मिळवण्यासाठी आणि पुरापासून बचावासाठी सुमारे ७ किलोमीटर लांबीचा बांध घालून १९९७ च्या एप्रिलमध्ये आतला भाग समुद्रापासून तोडण्यात आला. भरती थांबली, चिखल वाळून भेगाळला आणि त्यातले मासे नि शिंपले मेले. पुढे बांधाचे दरवाजे उघडावेत म्हणून मच्छीमार आणि उघडू नयेत म्हणून शेतकरी असे दोघेही कोर्टात गेले, आणि तो वाद वर्षानुवर्षं चालला. शेतकरी आणि मच्छीमार हे दोघे शेजारी. त्यांच्यात असं वैर आपल्याकडे येऊ नये.

उघाडीतून काय सोडता?

पावसाळ्यात खाचरातलं जादा पाणी आपण उघाडीतून खाडीत सोडतो. ते पाणी थेट निवटीच्या चिखलावर जातं. भातावर कीटकनाशक फवारलं आणि लगेच उघाडी उघडली, तर ते औषध चिखलावरच्या शेवाळात उतरतं आणि तेच शेवाळ निवटी खाते. म्हणून फवारणीच्या आधी पाण्याचा अंदाज घ्या. मोठा पाऊस अंगावर असताना फवारू नका. फवारल्यानंतर औषधाच्या डब्यावर सांगितले असतील तितके दिवस पाणी शेतातच राखा. फवाऱ्याचा पंप आणि रिकामे डबे खाडीत किंवा ओहोळात धुऊ नका.

आणखी एक वाईट चाल कुठे कुठे दिसते. बिळात औषध किंवा ब्लीचिंग पावडर टाकायची, म्हणजे मासे आपसूक बाहेर येतात. हे कधीही करू नका. विष घालून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी असा मासा खाणाऱ्याच्या पोटात विष जातं आणि त्या जागी पुढे बरेच दिवस काहीच उगवत नाही.

खाणाऱ्यांनीही एक काळजी घ्यावी. निवटी चिखलाची साय खाते, म्हणजे चिखलावर जे पडेल ते तिच्या पोटात जातं. जिथे कारखान्यांचं सांडपाणी, तेल किंवा गटार खाडीला मिळतं, तिथली निवटी खाऊ नये आणि विकूही नये. स्वच्छ खाडीतली निवटीसुद्धा जिवंत असतानाच आणावी, मीठ किंवा राख चोळून बुळबुळीतपणा काढावा, पोट फाडून आतडी पुरती काढून टाकावी, आणि दोन-तीन पाण्यांनी धुऊन मगच शिजवावी.

पकडताना

बिळात हात घालून निवटी काढणं ही कसबाची गोष्ट आहे आणि आपल्या बायका ती पिढ्यानपिढ्या करतात. तरी सांगतो, बीळ पाहून हात घाला. निवटीच्या बिळाच्या तोंडाशी ओला, ताजा चिखल आणि तिच्या परांचे ठिपके दिसतात. रुंद, तिरकं बीळ चिंबोरीचं असू शकतं, आणि काही बिळांत पाणसापही शिरतात. एकटं जाऊ नका. भरतीची वेळ ठाऊक असल्याशिवाय चिखलात लांब उतरू नका. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पाणी लांब ओसरतं खरं, पण परत येताना वेगानेही येतं.

हाताने किंवा गळाने धरलेल्या निवटीत एक फायदा आहे. लहान कोणती, मोठी कोणती हे दिसतं. बोटभर पिल्लं सोडून द्या. पोट अंड्यांनी फुगलेली मादी सोडून द्या. आणि रोज एकाच पट्ट्यात न जाता पट्टे पाळीपाळीने धरा. माळावर गुरं फिरवून चारतो, तसंच हे.

तळ्यात पाळता येईल का?

हा प्रश्न तरुण शेतकरी विचारतात. तैवान आणि दक्षिण चीनमध्ये या कुळातला मासा तळ्यांत वाढवतात. पण तिथेही नुसतं खाद्य टाकून भागत नाही. तळं उथळ ठेवून, तळाला ऊन देऊन, खत घालून आधी शेवाळाची साय आणावी लागते. म्हणजे पुन्हा चिखलाचीच शेती. म्हणून ऐकीव माहितीवर, कांदळवन तोडून, कर्ज काढून तळं खणण्याच्या भरीस पडू नका. खाडीकाठच्या गावांसाठी राज्य शासनाची कांदळवन संवर्धन आणि उपजीविका योजना २०१७ साली सुरू झाली. तिच्यात गावाची समिती करून खेकडापालन, कालवंपालन, शोभिवंत माशांचं पालन असे उद्योग, झाड न तोडता करण्याची सोय ठेवली आहे. त्याची चौकशी आधी कांदळवन कक्षाकडे करा.

शेतकरी बंधूंनो, निवटी दिसते त्या चिखलाला भरती पोचते आहे, शेवाळ धरतं आहे, असं समजायला हरकत नाही. गेल्या काही वर्षांत तुमच्या खाडीत ती कमी झाली असेल, तर का झाली याचा विचार गावाने बसून करावा. भराव पडला का, सांडपाणी आलं का, झाडं गेली का. कारण जे आज तिच्या चिखलावर आलं, ते उद्या आपल्या बांधावर येणार आहे.

लक्षात ठेवा

१. बांधाची पाहणी आणि दुरुस्ती पावसाळ्याआधी करा. दुरुस्तीसाठी बाहेरच्या पायथ्याची माती किंवा कांदळवन खणू नका.

२. खांड पडल्यास खारभूमी खात्याला लगेच लेखी कळवा आणि पोच घ्या.

३. फवारणीनंतर लगेच उघाडी उघडू नका.

४. मासे धरण्यासाठी विष किंवा ब्लीचिंग पावडर वापरू नका.

५. पिल्लं आणि अंड्यांवरची मादी सोडा. बिळं फावड्याने उकरू नका.

६. सांडपाणी मिळणाऱ्या खाडीतली निवटी खाऊ नका, विकू नका.

७. खाडीच्या चिखलावर भराव पडताना दिसला तर ग्रामपंचायतीला, तहसीलदारांना आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाला कळवा.